अंगावर घ्यायची गोधडी

ज्या बायकांनी उभ्या आयुष्यात एक चिंधी कधी फेकली नाही, त्यांना काहीही वाया कसं घालवू नये हे शिकवायला पुण्याहून गाडी करून माणसं आली होती. मला तिथंच राग यायला हवा होता. पण त्या दिवशी मी पोहे केले, चहा केला, सतरंजी झटकून अंथरली आणि मोबाइलला रेंज कुठं लागते ते दाखवत पाहुण्यांच्या मागं गावभर फिरले. मला राग फार उशिरा येतो आणि आला की जात नाही. म्हणून हे लिहायला बसले आहे.

आमचं गाव बीडच्या पाटोदा तालुक्यातलं, डोंगराच्या कडेचं. मी अंबाजोगाईला बी.ए. केलं, लग्न होऊन इथं आले आणि इंग्रजी वाचता येतं एवढ्या एका गुन्ह्यापायी बचत गटाची सचिव झाले. दिवाळीनंतर निम्मं गाव ऊसतोडीला जातं. मागं उरतात त्या गुडघ्यांनी आणि पाठीनं दगा दिलेल्या बायका. त्यांच्या हाताला काम म्हणून आम्ही गोधड्या शिवायला घेतल्या. दुपारी मारुतीच्या देवळापुढच्या फरशीवर साड्यांचे थर पसरायचे, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवायचे, चौघींनी चार बाजूंना बसायचं आणि कडेपासून टाके घालत आत आत सरकायचं. मध्यावर आलं की गुडघ्याला गुडघे लागतात, आणि तोवर गावातल्या सगळ्यांची उणीदुणी काढून झालेली असतात.

आमच्यात सगळ्यात सुबक हात माझ्या थोरल्या जाऊबाईंचा. मी त्यांना आक्का म्हणते. वीस वर्षं कोयता चालवून बोटं वाकडी झालेली, पण टाका असा की ज्वारीचे दाणे ओळीनं मांडल्यासारखा. एकाचा दुसऱ्याला धक्का नाही.

पुण्याच्या कंपनीची बाई तिशीतली होती. सुती कुडता, पायात कोल्हापुरी, हातात स्टीलची बाटली, बोलणं गोड. ती उद्धट असती तर बरं झालं असतं. उद्धट माणसाला लगेच वाटेला लावता येतं. ती देवळाच्या पायरीवर मांडी घालून बसली, सगळ्यांना ताई म्हणाली आणि सांगायला लागली की कपड्यांच्या कचऱ्यानं पृथ्वी कशी गुदमरतेय. शाश्वत, इको-फ्रेंडली, झिरो वेस्ट असे शब्द ती एकामागून एक काढत होती आणि बायका माना हलवत होत्या. आमच्यात पाहुणा बोलत असताना मान हलवायची पद्धत आहे. त्याचा अर्थ पटलं असा नसतो.

“तुमच्याकडच्या टाकाऊ साड्यांना आपण नवं आयुष्य देणार आहोत,” ती शेवटी म्हणाली.

“टाकाऊ मंजी?” आक्कांनी मला विचारलं.

“मंजी फेकून देयाच्या.”

“फेकायच्या कावून?”

मी त्याचं भाषांतर केलं नाही. बाई हसून बघत होती, तिला वाटलं आक्कांनी काही चांगलं म्हटलं असणार. वीस गोधड्यांचं काम ठरलं. जुन्या साड्या, हातशिलाई, नवं काही वापरायचं नाही, एवढ्याच अटी. त्या मी वाचून दाखवल्या, बायकांनी पुन्हा माना हलवल्या.

आणि आम्ही वीसच्या वीस गोधड्या नव्या साड्यांच्या शिवल्या.

फसवायला नाही. आमच्याकडं जुनेर ही घरातली गोष्ट आहे. आजीच्या मऊ झालेल्या लुगड्याचं नातवाला दुपटं करायचं, आईच्या विटलेल्या साड्यांची गोधडी लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला धाडायची. ते सगळं रक्ताच्या नात्यात. परक्या माणसाला अंगावर वापरलेलं कापड दिलं तर त्याचे अर्थ दोनच होतात. एक तर आपण त्याला भिकारी समजतो, नाहीतर आपल्या लेखी त्याची काही किंमत नाही. आता पुण्याची माणसं आपल्या हातची गोधडी घरात घेणार आणि आपण त्यांना जुनेरं द्यायची?

“बीडच्या बायांकडं एक धड लुगडं नव्हतं का, म्हणतील,” एकजण म्हणाली, आणि ते सगळ्यांना पटलं. मग प्रत्येकीनं पेटीतल्या आहेराच्या साड्या काढल्या. लग्नाकार्यात मिळालेल्या, घडी न मोडलेल्या, या आहेरात आलेल्या त्या आहेरात जायच्या, त्या. मला सांगायला लाज वाटत नाही की मलाही यात काही चुकतंय असं वाटलं नाही. मी माझ्या मावसभावाच्या लग्नातली मोरपंखी साडी दिली. कंपनीची अट मला तोंडपाठ होती, पण अट वेगळी आणि माणुसकी वेगळी, असं तेव्हा डोक्यात असावं.

गोधड्या महिन्याभरात परत आल्या. प्रत्येक गोधडी वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, वरून फुगे असलेलं प्लास्टिक गुंडाळलेलं, त्यावर चिकटपट्टी. ते प्लास्टिक बायकांनी नीट सोडवून, घड्या घालून घरी नेलं. पावसाळ्यात सरपणावर टाकायला होतं. सोबत मेल होता. कापड नवं असल्यानं हा माल आमच्या मूल्यांत बसत नाही, असं त्यात इंग्रजीत लिहिलं होतं.

“नवं हाय म्हणून परत धाडलंय,” मी सांगितलं.

मग एकीनं विचारलं, “तू नीट वाचलंस ना?”

“दोनदा वाचलं.”

“नवं हाय म्हणून?”

त्यावर ज्या हसल्या त्या पोट धरून हसल्या. पण आक्का हसल्या नाहीत. “आमी त्यांची इज्जत केलती,” एवढंच त्या म्हणाल्या आणि आपल्या हातची गोधडी उचलून घरी गेल्या. त्या वीस गोधड्या पुढं गावातल्या कुणाकुणाच्या लग्नात गेल्या, त्यामुळं वाया काही गेलं नाही. तसं आमच्याकडं जातही नाही.

खरं तर तेव्हाच हात झटकून मोकळं व्हायला हवं होतं. पण बाईचा फोन आला. चूक दोन्हीकडून झाली, पुन्हा करू, म्हणाली. यावेळी फक्त पुरावा द्यायचा. प्रत्येक साडीचा फोटो, ती नेसणाऱ्या बाईचा फोटो आणि साडीची दोन ओळींची गोष्ट. गोष्टीशिवाय गोधडी घेणार नाही. ग्राहकाला गोष्ट लागते.

मग मी मोबाइल घेऊन घरोघर हिंडले. जुनेरं घेऊन बायका उन्हात उभ्या राहिल्या. ज्यांनी जन्मात फोटोत दात दाखवले नव्हते त्या पदर सारखा करत मला दटावत होत्या, “फाटलेलं नको दाखवू गं.” फाटलेलंच दाखवायचं होतं. गोष्टींचं तर विचारूच नका. “लिव्ह,” एक म्हातारी म्हणाली, “हे लुगडं नेसून मी सासूला पहिल्यांदा उलटून बोल्ले.” दुसरी म्हणाली, “मपल्या साडीला काय गोष्ट न्हाई, नेसले अन् फाटली.” मी ते तसंच लिहून पाठवलं. कंपनीकडून उत्तर आलं, थोडं आणखी भावनिक करता येईल का.

भावनिक. आमच्या बायका चिडवतात, शिव्या देतात, गाणी म्हणतात, आणि रडायचं ते चुलीपुढं रडतात, म्हणजे धुरावर ढकलता येतं. त्यांनी भावनिक काय करायचं होतं? तरी मी केलं. मी घरात बसून गोष्टींना डोळ्यांत पाणी येईल असं वळण दिलं. बी.ए.चा उपयोग झाला.

एकोणीस गोधड्या झाल्या. विसाव्या गोधडीपुरती जुनेरं गावात उरली नव्हती. होती ती लेकराबाळांच्या अंगाखाली होती, ती काढून आणायची नव्हती. देवळापुढं बसल्या बसल्या मी म्हणाले, “एक कमी पडतीय.” मी कुणाकडं बघून बोलले नव्हते. पण आक्कांच्या घरात एक पेटी आहे हे मला ठाऊक होतं, आणि त्या पेटीत काय आहे हेही. हे कबूल केल्याशिवाय मला दुसऱ्या कुणावर रागवायचा हक्क नाही.

आक्कांची लेक लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी काविळीनं गेली. अंबाजोगाईला नेलं होतं, पण नेईपर्यंत डोळे, नखं, सगळं पिवळं झालेलं. चौदाव्याला सासरच्यांनी तिची पेटी परत आणून दिली. ती आक्कांनी कधी उघडली नाही, कुणाला हात लावू दिला नाही. दर दिवाळीला पेटीवरची धूळ तेवढी पुसायच्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी आक्का चार साड्या हातावर घेऊन देवळाकडं आल्या. वरची पोपटी होती, आंब्याच्या रंगाच्या काठाची. पोरगी ती हळदीला नेसली होती आणि पदरावर हाताच्या पंजाएवढा हळदीचा डाग तसाच होता.

“पेटीत कुजून जातील,” त्या म्हणाल्या. “कुणाच्या तरी अंगाला ऊब लागू दे. पर त्या बाईला लिव्ह, ही अंगावर घेयाची गोधडी हाय. खाली हातरायची न्हाई. हिच्यावर पाय पडाया नगं.”

मी म्हणाले, डाग आतल्या थरात घालू. मला कंपनीची यादी माहीत होती. डाग चालत नाहीत असं तिच्यात होतं. आक्कांनी ते ऐकून घेतलं नाही. पोपटी साडी वर आली, आणि घेणाऱ्याच्या छातीवर येईल अशा बेतानं त्यांनी डागाची जागा धरली. त्या दुपारी उणीदुणी निघाली नाहीत. तीन बाजूंच्या बायका नुसत्या सुई चालवत होत्या. मध्यावर आल्यावर आक्कांनी शेवटचे टाके एकटीनं घातले आणि दोरा दातानं तोडला.

मी मेल लिहिला. माझ्या इंग्रजीत जेवढं बसत होतं तेवढं सगळं लिहिलं. पोरीचं वय, पेटी, हळद, आणि शेवटी ठळक अक्षरांत, की ही कृपया अंगावर पांघरण्यासाठीच द्यावी, खाली अंथरण्यासाठी नाही, तसं घेणाऱ्याला सांगावं. उत्तर तासाभरात आलं. वाचून ऑफिसात सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, नक्की सांगू. खाली लाल बदाम. मी ते आक्कांना वाचून दाखवलं. “रडली म्हणती?” त्यांनी विचारलं. “मंग लेकुरवाळी असंल.”

पैसे वेळेवर आले. ते नाकारत नाही. थंडी सरली, ऊसतोडीवरची माणसं परतली, आणि एका सकाळी बाईकडून मोबाइलवर फोटो आला. खाली लिहिलं होतं, बघा ताई, तुमच्या गटाचं नवं प्रॉडक्ट, सगळ्यांना खूप आवडतंय.

फोटोत चकचकीत फरशी होती. फरशीवर गोल गादी होती. गादीवर सोनेरी केसांचा मोठा कुत्रा जीभ बाहेर काढून बसला होता. त्याच्या पुढच्या पायांखाली पोपटी कापड होतं, आंब्याच्या रंगाचा काठ होता आणि ओळीनं ज्वारीचे दाणे होते.

कुत्र्यावर माझा राग नाही. आमच्याही दारात कुत्रं आहे, थंडीत त्याला पोत्यावर घेतो. ते बिचारं जिथं ऊब मिळेल तिथं बसतं. पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि मी तिथल्या तिथं बाईला फोन लावला.

“तो पीस क्वालिटीत बसला नाही ना, ताई,” ती तिकडून म्हणाली. आवाज तसाच गोड. “वरच डाग होता. ग्राहक म्हणतात, मळकं आलं.”

“मग परत पाठवायचा.”

“पाठवणार होतो. पण उलटसुलट वाहतुकीचा कार्बन असतो. मग आम्ही त्याच्या पेट बेड केल्या, तीन झाल्या. एक धागासुद्धा वाया नाही गेला.”

“पहिल्या वीस परत धाडताना कार्बन नव्हता का?”

ती म्हणाली, “तेव्हा आमचं हे धोरण नव्हतं.”

“मी तुम्हाला लिहिलं होतं. अंगावर घ्यायची आहे म्हणून. पोरीची आहे म्हणून.”

“हो, ते किती सुंदर होतं!” ती मनापासून म्हणाली. हेच मला अजून गिळता येत नाही, ती मनापासून म्हणाली. “ते आम्ही कार्डावर छापलंय. आता प्रत्येक गोधडीसोबत तेच कार्ड जातं. तुमच्या जाऊबाईंना सांगा ना, त्यांना छान वाटेल.”

म्हणजे पोरगी कार्डावर गेली आणि पोरीचं लुगडं कुत्र्याखाली. गोष्ट ठेवून घेतली, कारण ती विकली जाते. कापड कापलं, कारण त्यावर डाग होता, आणि डाग तीच तर गोष्ट होती. यांना वाया न घालवणं म्हणजे काय ते कळतंय असं यांना वाटतं. कापडाचा तुकडा तुकडा जपला की झालं. माणसानं हात जोडून सांगितलेला एक शब्द कचऱ्यात गेला तरी तो यांच्या कुठल्या हिशोबात धरत नाहीत. पृथ्वी वाचवायला निघालेल्यांना पाटोदा तालुक्यातल्या एका बाईचं सांगणं दोन महिने सांभाळता आलं नाही, आणि मी त्यांच्यासाठी पोहे केले होते!

मी फोनवर काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. थोडं इंग्रजीत आणि बरंचसं आमच्या गावच्या भाषेत होतं. त्याच दिवशी चार ओळींचा मेल लिहून मी काम तोडलं. मग उरलेल्या दोन गाद्या तरी परत द्या म्हणून लिहिलं. त्या विकल्या गेल्या होत्या.

काम तोडलं हे गटाला सांगणं सोपं होतं, का तोडलं हे सांगणं नव्हतं. एकीला सांगितलं तर संध्याकाळपर्यंत ते आक्कांच्या दारात पोचलं असतं. मी म्हणाले, मला पटत नव्हतं. त्यावर बायका माझ्यावर तुटून पडल्या. कंपनीचं काय चुकलं? बसल्या जागेचं काम होतं, पैसे थेट हातात यायचे, घरचं कुणी मध्ये नव्हतं. “तुला लई इंग्रजी येतंय म्हणून आमच्या ताटात माती का?” जी मला सून म्हणून पहिल्यांदा कुंकू लावायला आली होती, तिनं हे विचारलं. पुढं ते काम आष्टीकडच्या एका गटाला गेलं. आमच्यातल्या दोघी त्या गटात जाऊन मिळाल्या आणि माझ्यासमोरून जाताना दुसरीकडं बघतात.

हे सगळं मी सोसलं असतं. आक्का मात्र माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या. एका घरात, एका भिंतीच्या दोन बाजूंना, हंडाभर पाणी लागलं तरी शेजारच्या पोरीला पाठवायच्या. पुढच्या दिवाळीनंतर, थंडी सुरू झाली तेव्हा, मी अंगणात उन्हाला गहू निवडत बसले होते. त्या आल्या आणि माझ्यासमोर बसल्या. सुपातले खडे वेचायला लागल्या.

“तुला काय कमी पडलं गं तिथं?” त्यांनी विचारलं. “ती बाई लेकीवाणी वागली. मपल्या पोरीसाठी रडली.”

मी सूप त्यांच्याकडं सरकवलं.

“औंदा थंडी लई हाय. रातच्याला जाग आली की मी म्हणते, कुणीतरी घेतलं असंल अंगावर. कुणाच्या तरी छातीवर असंल. मग मला झोप लागती. तुला न्हाई कळायचं ते, तुपली पोरगी जित्ती हाय.”

फोटो माझ्या मोबाइलमध्ये होता. मोबाइल माझ्या मांडीशी होता. एवढा राग मला आयुष्यात कशाचा आला नसेल, आणि तो कुणापुढं काढायचा तर समोर आक्का बसलेल्या.

“चुकलं मपलं, आक्का,” मी म्हणाले.

“मंग लिव्ह तिला परत,” त्या म्हणाल्या. “पेटीत अजून दोन साड्या हायेत.”